छोट्या प्रकाशन संस्थांनी सायबर जोखीम आणि नियमपालन यांत आपली तुलना इतरांशी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की संस्था चार माणसांची आहे, वितरकाने सायबर सुरक्षेची प्रश्नावली पाठवली आहे, आणि तुमच्याएवढ्या इतर प्रकाशकांच्या तुलनेत तुम्ही कुठे बसता हे कळण्यासाठी एखादा तक्ता किंवा गुणपद्धत हवी आहे.

पुण्यातल्या पेठांमधल्या काही छोट्या प्रकाशकांचे हिशेब आणि संगणक मी बरीच वर्षं बघते. असे तक्ते पाहिलेत, भरून घेतलेत. प्रश्नावलीतल्या 'हो-नाही'वरून केलेली तुलना निरुपयोगी असते, हे माझं ठाम मत आहे, आणि ते कशामुळे बनलं ते आधी सांगते.

एका प्रकाशकाच्या कार्यालयात सायबर सुरक्षेचं प्रमाणपत्र चौकट करून लावलेलं होतं. अँटीव्हायरस विकणाऱ्याने प्रश्नावली भरून घेऊन ते दिलं होतं. बॅकअप घेता का? हो. पासवर्डचं धोरण आहे का? हो. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं का? हो. तुमच्या तक्त्यात ही संस्था पहिली आली असती. तिथे दिवाळी अंकाचं काम भरात असताना एका सोमवारी सकाळी एकही फाइल उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावाला अनोळखी शेपूट लागलेलं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी एक चिठ्ठी. अंकाची लावलेली पानं, टॅली, लेखकांच्या मानधनाचा हिशेब, वर्गणीदारांचे पत्ते, सगळं एका रात्रीत बंद. बॅकअपची हार्डडिस्क होती, पण ती बाराही महिने त्याच संगणकाला जोडलेली असायची, त्यामुळे तीही गेली.

मालकांनी तासाभरात निकाल देऊन टाकला. डीटीपी करणाऱ्या ताईंनी कुठलातरी मेल उघडला असणार, नाहीतर घरचा पेनड्राइव्ह लावला असणार. ताई तिथे पेजमेकरच्या काळापासून होत्या.

तिथले संगणक तेव्हा माझ्याकडे नव्हते, हे घडल्यावर त्याच दिवशी मला बोलावलं. मी विंडोजचा इव्हेंट लॉग, म्हणजे संगणकात काय काय घडलं याची आपोआप होणारी नोंदवही, उघडली. रविवारी रात्रभर लॉगिनचे फसलेले प्रयत्न, ४६२५ क्रमांकाच्या नोंदी पानंच्या पानं. पहाटे एक ४६२४, म्हणजे लॉगिन जमलं, आणि त्यापुढे प्रकार १०, म्हणजे रिमोट डेस्कटॉप, दुरून संगणक चालवायची सोय. त्या वेळी कार्यालयाला कुलूप होतं. टाळेबंदीत मालकांना घरून टॅली बघायचं होतं म्हणून हार्डवेअरवाल्याने राउटरवर ३३८९ पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा दरवाजा, सरळ इंटरनेटला उघडून दिला होता, तो पुढे कोणी बंदच केला नाही. पासवर्ड होता संस्थेचं नाव आणि स्थापनेचं साल. ते साल त्यांच्या बोधचिन्हाखाली प्रत्येक पुस्तकावर छापलेलं असतं.

हे सगळं छापून मी मालकांपुढे ठेवलं. ते म्हणाले, "ते तांत्रिक झालं हो. पण मेल तर बाईच उघडतात ना?" ताईंचा त्या महिन्याचा पगार कापला.

आणि अंक निघाला तो कोणामुळे? ताई लेखकांना प्रुफं पीडीएफ करून पाठवायच्या, त्या लेखकांच्या मेलमध्ये शिल्लक होत्या. मजकूर जुन्या श्रीलिपी फाँटमध्ये लावलेला असल्यामुळे पीडीएफमधून तो कॉपी केला की रोमन अक्षरांचा नुसता कचरा हाती येतो. म्हणजे नव्याने टाइप करणं आलं. पगार कापलेल्या त्याच बाई रात्री बसून पानंच्या पानं पुन्हा टाइप करत होत्या. दिवाळीनंतर त्यांनी नोकरी सोडली. मालकांनी आजतागायत कोणापुढेही कबूल केलेलं नाही की दार त्यांच्यासाठी उघडं ठेवलं होतं.

आता नियमांचं. सर्ट-इन ही सायबर घटना हाताळणारी केंद्र सरकारची यंत्रणा. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवावी लागते, आणि रॅन्समवेअर, म्हणजे फाइली बंद करून पैसे मागणारा हा प्रकार, कळवायच्या घटनांच्या यादीत स्पष्ट लिहिलेला आहे. लॉग १८० दिवस जपून ठेवायचे. 'आपण काय बँक आहोत?' हा प्रश्न त्या मालकांनी मला विचारला होता. २०१८ मध्ये सायबर हल्ल्यात कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी गेले तेव्हापासून पुण्यात बऱ्याच जणांच्या डोक्यात सायबर म्हणजे बँक असंच बसलंय. पण हे निर्देश 'बॉडी कॉर्पोरेट'लाही लागू आहेत, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ए मध्ये त्या शब्दाची व्याख्या कंपनीपुरती नाही. भागीदारी आणि एकट्या मालकीचा व्यवसायही तिच्यात येतो. पेठेतल्या दोन खोल्यांतली संस्थासुद्धा आली. विंडोजचा सुरक्षा लॉग ठरावीक आकाराचा असतो, भरला की जुन्या नोंदींवर नव्या चढतात. हल्ला चालू असताना तो फार लवकर भरतो. मला नोंदी सापडल्या कारण मी त्याच दिवशी बघितल्या. तुम्ही आजच तो आकार वाढवून घ्या.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि प्रकाशकाला लागणाऱ्या बहुतेक तरतुदींसाठी तिथून १८ महिन्यांची मुदत आहे. माहिती सांभाळण्यासाठी वाजवी काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत. हा आकडा बघून घाबरू नका, दंड ठरवताना चुकीचं गांभीर्य आणि स्वरूप बघायचं असतं. पण कलम ८ जरूर वाचा. माहिती गोळा करणारी संस्था जबाबदार, आणि तिने ज्याच्याकडून काम करून घेतलं त्याच्या हातून काही झालं तरी जबाबदार तीच. कामकरी बाईवर किंवा हार्डवेअरवाल्यावर बोट दाखवून सुटण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही. हे कलम मी त्या मालकांना पाठवलंय. उत्तर आलेलं नाही.

तुलनेकडे येते. माझ्याकडच्या दुसऱ्या एका संस्थेत नवरा-बायको दोघंच काम करतात. प्रमाणपत्र नाही, संगणक जुना. पण हार्डडिस्का दोन, आलटून पालटून, एक कायम घरी. लेखकाचा 'माझं बँक खातं बदललंय' असा मेल आला की त्या काकू आधीपासून वहीत असलेल्या नंबरवर लेखकाला फोन करतात, मेलमधल्या नंबरवर कधीच नाही. एका पुस्तक विक्रेत्याने प्रकाशनपूर्व सवलतीतल्या ग्राहकांची यादी मागितली, ती त्यांनी दिली नाही. प्रश्नावलीत यांना निम्मे गुणही मिळणार नाहीत. माझ्या लेखी त्या प्रमाणपत्रवाल्यांपेक्षा या कितीतरी पुढे आहेत.

तिसरे मुलांचं मासिक काढतात. उलाढाल सगळ्यात कमी, आणि नव्या कायद्याने जोखीम सगळ्यात जास्त. वाढदिवस छापायचे म्हणून ते मुलांची नावं, जन्मतारखा, पत्ते, आईवडिलांचे फोन ऑनलाइन अर्जातून घेतात. कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक, आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. कथा-कवितांची पुस्तकं काढणाऱ्याशी त्यांची एका तक्त्यात तुलना कशी करणार?

म्हणून तक्ता करायचाच असेल तर रकाने हे घ्या. तुमच्याकडे कोणाची काय माहिती आहे: लेखकांचे पॅन आणि खाते क्रमांक, वर्गणीदारांचे पत्ते, मुलांच्या तारखा. बॅकअपमधली एखादी फाइल परत उघडून शेवटची कधी बघितली. 'बॅकअप घेतो' हे उत्तर मोजू नका. बाहेरून तुमच्या संगणकात कोण येऊ शकतं: एनीडेस्कवरून (दुरून संगणक चालवायचं सॉफ्टवेअर) येणारा हार्डवेअरवाला, सीएच्या कार्यालयातला मुलगा, नोकरी सोडून गेलेला माणूस. आणि सगळं बंद पडलं तर पुढचं पुस्तक छापखान्यात जायला किती दिवस लागतील. कार्डाच्या माहितीचा रकाना टाकू नका. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराने ग्राहकाचा कार्ड क्रमांक साठवायचाच नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि छोटे प्रकाशक सगळे पेमेंट गेटवेवरच आहेत. सगळ्यांना सारखेच गुण पडतात.

हस्तलिखितांचा रकाना मात्र हवा, आणि तो मी कुठल्याच छापील प्रश्नावलीत पाहिलेला नाही. सायमन अँड शुस्टर या मोठ्या प्रकाशन संस्थेच्या लंडन कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याला जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्कला अटक झाली. तो वर्षानुवर्षं संपादक आणि एजंट असल्याचं भासवून लेखकांकडून अप्रकाशित हस्तलिखितं मागवत होता, एक हजाराहून जास्त. संगणक फोडायची त्याला गरजच पडली नाही. पत्त्यात 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी ठेवले की घाईत बघणाऱ्याला एमच दिसतो. आपल्याकडे तर लेखक आख्खं हस्तलिखित व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि ते पाच फोनमध्ये पडून राहतं. तुमच्याकडच्या हस्तलिखितांच्या प्रती सध्या कुठे कुठे आहेत, याची यादी करून बघा.

काही गोष्टी राहिल्या. मी वकील नाही, वितरकाच्या करारात सायबरची अट असेल तर ती वकिलाला दाखवा. नवा कायदा डिजिटल माहितीसाठी आहे. वहीतले पत्ते संगणकावर चढवेपर्यंत त्यात येत नाहीत. युरोपातल्या मराठी वाचकांना मुद्दाम ऑनलाइन पुस्तकं विकत असाल तर तिथला माहिती संरक्षणाचा कायदा, जीडीपीआर, तोही तपासा. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, लगेच, बाकीचं नंतर. आणि १९३० ला कळवलं म्हणजे सर्ट-इनला कळवलं असं होत नाही, ते वेगळं करावं लागतं. तुमची संस्था फक्त छापील पुस्तकं दुकानांना विकत असेल आणि वाचकांची यादीच ठेवत नसेल, तर वरचं निम्मं तुम्हाला लागू नाही.

वितरकाच्या प्रश्नावलीत 'घटना घडल्यास जबाबदार व्यक्ती' असा रकाना बहुधा असेलच. तिथे बऱ्याच संस्था डीटीपी ऑपरेटरचं किंवा हिशेबनिसाचं नाव टाकतात, कारण संगणकापुढे तेच बसतात. तुम्ही मालकाचं नाव टाका, त्यांचा मोबाइल नंबर टाका, आणि राउटरचा पासवर्डही त्यांना स्वतःला माहीत असू द्या.