कापून झाले की मिटायचा

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून मी अस्वस्थ झालो. मामांनी घडीचा चाकू देताना ‘एकटी फिरतेस, संरक्षणाला असू दे’ म्हणून सांगितले, मेट्रोच्या तपासणीत तो अडवला गेला, आणि आता तो जवळ बाळगावा की कपाटात टाकावा हे तुला कळेनासे झाले आहे. संरक्षणाचा विचार आधी मनातून काढून टाक. ज्या प्रसंगी पळ काढायला हवा, त्या प्रसंगी तू पाते उघडत बसशील, आणि ते उघडलेच तर हिसकावले जाण्याचे भय वेगळे. घडीचा चाकू हे दोर, चिकटपट्टी आणि लिंबू कापण्याचे अवजार आहे. म्हणून उघडायचा, कापायचे आणि कापून झाले की मिटायचा.

कायद्याविषयी थोडक्यात सांगतो. शस्त्र नियमांच्या यादीत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे आणि घरगुती वापराची अवजारे त्यातून वगळलेली आहेत, त्यामुळे तुझे लहान पाते त्यात बसत नाही. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 खाली मनाई आदेश निघाला, तर चाकूच काय, काठीही बाळगता येत नाही. ट्रेकचा दिवस नसेल तर चाकू घरी ठेव, विमानप्रवासात तो फक्त चेक-इन सामानात जाऊ दे, आणि तपासणीला उभ्या असलेल्या माणसाशी वाद घालू नकोस.

आता खऱ्या धोक्याकडे ये. स्विस पद्धतीच्या बहुतेक लहान चाकूंत पाते केवळ पाठीच्या स्प्रिंगच्या दाबाने उघडे राहते; त्याला अडकवणारा खटका नसतो. अशा चाकूचे टोक तू डबा उचकटायला किंवा भोक पाडायला खुपसलेस, की पाते उलटून थेट तुझ्याच बोटांवर मिटते. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूला 1955 पासून फिरते कडे आहे, ते फिरवले की पाते पक्के बसते, परंतु त्याची लाकडी मूठ सह्याद्रीच्या पावसात फुगते आणि पाते ओढून निघत नाही. म्हणून केवळ खटक्यावर विसंबू नकोस. मिटताना बोटे पात्याच्या वाटेतून बाजूला घे आणि पाठीवर तळव्याने दाब दे. चाकू हातातून निसटला तर झेलायला जाऊ नकोस, पाय मागे घे. लिंबू तळहातावर धरून कापू नकोस. ताणलेल्या दोराजवळ तर धार नेऊच नकोस, कारण भार पडलेला दोर पाते नुसते टेकले तरी तुटू शकतो.

आणि उघडा चाकू हातात घेऊन एकही पाऊल टाकायचे नाही! ‘चारच पावलांवर तर पातेले आहे’ असे मला अनेकांनी ऐकवले आहे. ओल्या कातळावर घसरायला तेवढी पावले पुरतात. दुसऱ्याला द्यायचा तरी आधी मिटायचा, मगच द्यायचा. या एका हट्टापायी मला गटातली मुले हेकट म्हणत आणि त्यांतली काही पुढे आमच्याबरोबर यायची बंद झाली. त्यांची सोबत गेल्याची खंत मला आजही आहे, पण हट्ट चुकीचा होता असे मी मानत नाही, आणि तुझ्यासाठी तो सैल करणार नाही.

बोथट पाते सुरक्षित असते ही समजूतही सोड; त्यावर जोर लावावा लागतो आणि जोर लावला की हात घसरतो.

येत्या ट्रेकला चाकू घेऊन ये. तो खिशात नको, कारण कातळावर चढताना मांडीत रुततो. सॅकच्या वरच्या कप्प्यात, छोट्या पिशवीत ठेव. गुंजवण्यात राजगडाची चढण सुरू करण्यापूर्वी मी त्याची स्प्रिंग पाहीन, आणि ती ढिली निघाली तर चाकू गावातच ठेवून वर जाऊ.

तुझा,
काका