व्यवसाय प्रशिक्षणासाठी सीएसआरचं अनुदान मागताना प्रशासन खर्च शून्य दाखवावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संस्था नोंदलेली आहे, तालुक्यातल्या दहावी-बारावीत अडकलेल्या मुलांसाठी वायरमन आणि पंप दुरुस्तीचा वर्ग काढायचाय, एका कंपनीनं सीएसआरमधून (कंपन्यांना कायद्यानं समाजकार्यावर करावा लागणारा खर्च) प्रस्ताव मागवलाय. तो कसा लिहावा, प्रशासन खर्च शून्य दाखवला तर लवकर मंजूर होतो हे खरं का, आणि प्रस्ताव लिहून देणारा टक्केवारी मागतोय ती द्यावी का.

मधला प्रश्न वाचून राहवलं नाही. शून्य दाखवू नका. शून्य दाखवणारी संस्था एक तर खोटं बोलते, नाहीतर कुणाच्या तरी पोटावर पाय देते. आमच्या संस्थेत तो पाय वर्गाला शिकवणाऱ्या मिस्त्रींच्या पोटावर पडला.

आमची संस्था सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात. द्राक्ष, डाळिंब आणि बोअर. लाइट येते ती बरेचदा रात्री, व्होल्टेजचा भरवसा नाही, एखादा फेज गेला की मोटर जळालीच. मार्चपासून पुढं तर रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरून देणाऱ्या दुकानांपुढं मोटरी ओळीनं पडलेल्या असतात आणि शेतकरी मिस्त्रीच्या हातापाया पडतो. म्हणून आम्ही मोबाइल रिपेअरिंग, ब्युटी पार्लर असलं ठरलेलं काही न मागता मोटर रिवाइंडिंगचा वर्ग मागितला. कंपनीला कल्पना आवडली. शिकवायला स्टँडजवळच्या दुकानातले मिस्त्री तयार झाले. सर्टिफिकेट नाही, पण तालुक्यातल्या निम्म्या बोअरची मोटर त्यांच्या हाताखालून गेलेली.

मग बसली बजेटची बैठक. आमचे खजिनदार अण्णा सोसायटीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, हिशेबाला चोख माणूस, एका पैशाचा घोळ नाही, हे आधीच सांगतो. त्यांनी मिस्त्रींच्या पगारावर लाल पेन फिरवला. "समाजसेवा आहे, पगार कसला? मानधन लिहा." आणि आकडा असा लिहिला, की तेवढे पैसे मिस्त्री एप्रिलमध्ये दोन-चार मोटरींत कमावतात. ऑफिसमधल्या मुलीचा पगार, लाइटबिल, ऑडिट फी सगळं खोडलं. म्हणाले, "कायद्यानं प्रशासन खर्च पाच टक्क्यांच्या वर चालत नाही. आपण शून्य दाखवू, कंपनी खूश होईल." मी विरोध केला. प्रोसिडिंग बुकात तो नोंदवलेला आहे, कुणाला बघायचा असेल तर अजून आहे. ठराव बहुमतानं झाला.

तर त्या पाच टक्क्यांचं एकदा काय ते होऊन जाऊ दे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली ज्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करावे लागतात, त्यांच्या नियमांत पाच टक्क्यांची मर्यादा आहे, बरोबर. पण ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या व्यवस्थापन खर्चाला. जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीत व्याख्याच दिलीय, आणि एखाद्या ठरावीक प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापन यांचा थेट खर्च त्यात धरायचा नाही असं तिथंच म्हटलंय. तुमच्या संस्थेचं लाइटबिल त्या पाच टक्क्यांत येतच नाही. दुसरा आकडा लोक फेकतात तो वीस टक्क्यांचा. तो एफसीआरएचा, म्हणजे परदेशी पैशाचा. २०२० च्या दुरुस्तीत तो पन्नासवरून वीसवर आणला. तिसरा पंच्याऐंशीचा, तो आयकराचा: ट्रस्टनं उत्पन्नाचे ८५ टक्के आपल्या उद्दिष्टांवर खर्च करायचे. उरलेले पंधरा म्हणजे प्रशासन खर्चाची परवानगी, असा अर्थ काढणारे पदाधिकारीही मी पाहिलेत. तीन कायदे, तीन आकडे, आणि आमच्या बैठकांत तिन्हींची मिसळ.

आणि मुळात शिकवणाऱ्याचा पगार हा प्रशासन खर्चच नव्हे. मुलं ज्याच्याकडून शिकणार तोच तर प्रकल्प आहे. ही गोष्ट अण्णांना पटली नाही, आजही पटलेली नाही. ते हे वाचतीलच, नातू मोबाइलवर दाखवतो त्यांना.

व्हायचं तेच झालं. थंडीत वर्ग नीट चालला. उन्हाळा लागला, दुकानात मोटरींची रांग लागली आणि मिस्त्री म्हणाले, "सर, तुमच्या मानधनात माझा चहा भागत नाही. मी दुकान बंद ठेवून हॉलमध्ये येणार नाही." काय चुकलं त्यांचं? मी म्हणालो, मग मुलांना दुकानात पाठवतो. अण्णा चिडले, कारण करारात स्थळ म्हणून आमचा हॉल लिहिलेला. मुलं तरी गेलीच.

आणि खरं शिक्षण तिथं झालं. हॉलमध्ये आम्ही एकच जुनी मोटर पुन्हा पुन्हा उघडत होतो. दुकानात रोज नवी. जळकी कॉइल छिन्नीनं कापायची, फेकायच्या आधी टर्न मोजायचे, तारेचा गेज मायक्रोमीटरवर घ्यायचा आणि वहीत टिपायचं: कुठल्या मेकची मोटर, किती एचपी, किती स्लॉट (तार बसते त्या खाचा), किती टर्न (वेढे), कुठला गेज (तारेची जाडी). रिवाइंडिंगवाल्याची खरी दौलत म्हणजे ती वही. दुसऱ्याला कुणी दाखवत नाही. मिस्त्रींनी आमच्या मुलांना उतरवून घेऊ दिली, हे पैशात कसं मोजणार? सबमर्सिबलची, म्हणजे पाण्यात बुडून चालणाऱ्या मोटरीची तार जाड प्लॅस्टिक कोटिंगची, ती स्लॉटमधून एकेक वेढा ओढून काढावी लागते. दोन पोरं स्टेटरच्या (मोटरीचा न फिरणारा भाग) दोन बाजूंना बसायची, एक ढकलायचा, दुसरा ओढायचा, मोठ्यानं आकडे मोजत. कोटिंगला ओरखडा गेला तर मोटर वर कोरडी असताना कळत नाही, बोअरमध्ये पाण्यात गेल्यावर कळतं. म्हणून सोडायच्या आधी पाण्यात बुडवून मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावायचा. एका पोरानं घाईत मेगर न लावता मोटर दिली, ती परत आली, आणि तिचं पूर्ण वाइंडिंग मिस्त्रींनी त्यालाच काढून पुन्हा भरायला लावलं. त्यानंतर त्या पोराची मोटर परत आलेली मी ऐकलेली नाही.

अशात कंपनीचे साहेब भेटीला आले. पुण्याचा तरुण मुलगा, वागायला चांगला. हॉलवर बॅनर होता आणि कुलूप होतं. दुकानात मुलं होती आणि बॅनर नव्हता. मुलांचे हात ग्रीसनं काळे झालेले, फोटो काढायचा तर मागं भंगार. त्यांनी विचारलं, "बॅनर इथं का नाही लावला?" मी म्हणालो, साहेब, दुकान त्यांचं आहे. मग त्यांनी प्लेसमेंटचा, म्हणजे मुलं नोकरीला लागली का याचा, विषय काढला. मुलांच्या ऑफर लेटर आणि तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा हव्यात. आता मला सांगा, जो पोरगा चुलत्याच्या गाळ्यात स्वतःचं दुकान टाकून बसला, त्याला ऑफर लेटर कोण देणार? चुलता? कामाला लागलेल्यांपैकी बहुतेकांनी स्वतःचं काम सुरू केलं होतं किंवा मिस्त्रींसारख्या दुकानात रोजंदारी धरली होती, आणि अहवालात ही सगळी मुलं बेरोजगार. शेवटचा हप्ता त्यावरच अडला. बरीच पत्रापत्री झाली, आणि निम्माच सुटला.

त्यामुळं प्रस्ताव कसा लिहावा याचं माझं पहिलं उत्तर: रोजगार कशाला म्हणायचं ते प्रस्तावातच लिहून घ्या, सही होण्याआधी. सरकारच्या २०१५ च्या कॉमन नॉर्म्समध्येसुद्धा (कौशल्य प्रशिक्षण योजनांचे सामाईक नियम) स्वयंरोजगाराला जागा आहे. व्यवसायाचा परवाना, उद्योग सुरू केल्याचा पुरावा, वाढीव कमाई दाखवणारं बँक स्टेटमेंट चालतं. सरकारला चालतं ते कंपनीला का चालू नये, असं लेखी विचारा. मुलांचं शॉप अ‍ॅक्ट (दुकानाची नोंदणी) आणि उद्यम (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) वर्ग सुरू असतानाच करून टाका. उद्यमला फी नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम पाहून या जमलं तर. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेला. गावाला लागणारी खरी कामं करता करता मुलं शिकतात, ही पद्धत तिथं कधीची चालू आहे. "दुकानात शिकवणं म्हणजे शिकवणं नव्हे" म्हणणाऱ्याला दाखवायला बरं पडतं.

दुसरं, कच्चा माल. शिकणाऱ्याच्या हातून तार वाया जाणारच. तांब्याचा भाव प्रस्ताव लिहिताना एक आणि पैसे येताना दुसरा, तर कोटेशनच्या वर फरकाची तरतूद ठेवा. जळक्या तांब्याचे भंगाराचे पैसे कुणाचे तेही लिहा. ही बारीक गोष्ट वाटते, पण आमच्याकडे यावरून ऑडिटरनं पानभर शेरा मारला. याबाबतीत अण्णा बरोबर होते, त्यांनी पावत्या जपून ठेवलेल्या.

तिसरं, तारखा. कंपनीचं आर्थिक वर्ष संपत आलं की फेब्रुवारीत फोन येतो, "३१ मार्चच्या आत खर्च दाखवता येईल का?" हुरळून जाऊ नका. मुलं मार्चमध्ये परीक्षेला, मिस्त्री मोटरींत. पुढच्या वर्षात जाणारा प्रकल्प 'ऑनगोइंग' म्हणून मंजूर करता येतो, नियमात सोय आहे, ती त्यांच्या लक्षात आणून द्या. सीएसआर-१ (सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेची नोंदणी), आयकराच्या १२ए आणि ८०जी नोंदण्या, तीन वर्षांचं काम हे सगळं तुमच्याकडे असेलच, नसेल तर आधी ते करा, मग बाकीचं बोलू.

सरकारी योजनेतून का नाही, असंही कुणी विचारेल. अण्णांचा तोच आग्रह होता. २०१५ च्या त्या कॉमन नॉर्म्समध्ये हप्ते ३०, ५०, २० असे ठरवलेले: तुकडी सुरू झाल्यावर तीस टक्के, मुलं पास झाल्यावर पन्नास, नोकरीला लागल्यावर वीस. म्हणजे सत्तर टक्के पैसे काम करून झाल्यावर. तोवर जागेचं भाडं आणि मिस्त्री कुणाच्या खिशातून? ज्यांच्याकडे स्वतःचं भांडवल आहे त्यांनी जरूर जावं. छोट्या संस्थेनं त्यात पडलं की ती व्याजानं पैसे काढते, हे मी शेजारच्या तालुक्यात डोळ्यांनी पाहिलंय.

आता थोडं सांभाळून वाचा. माझा अनुभव एका मध्यम कंपनीचा आणि एका धंद्याचा आहे. मोठ्या कंपन्यांची फाउंडेशनं वेगळी असतात, काही ठिकाणी संस्थेच्या कार्यालयीन खर्चाला त्यांची स्वतःची मर्यादा असते. तो कायदा नव्हे, त्यांचं धोरण, आणि त्यावर बोलणी करता येतात. प्लंबिंगमध्ये पुण्या-मुंबईकडे नोकऱ्या मिळतात, तिथं सॅलरी स्लिपचा घोळ कमी. नियमही बदलत असतात, सही करण्याआधी सीएला दाखवाच. पण कुठलाही सीए तुम्हाला शिकवणाऱ्याचा पगार खोडा म्हणून सांगणार नाही. आमच्याकडे सीएनंच विचारलं होतं, "एवढ्या मानधनात माणूस येतो?" त्यावर अण्णा काय म्हणाले ते इथं लिहीत नाही.

राहिला टक्केवारीवाला. देऊ नका. लिहून घ्यायचंच असेल तर ठरावीक रक्कम ठरवा, पावती घ्या आणि संस्थेच्या पैशातून द्या. अनुदानातून टक्केवारी दिली तर उपयोगिता प्रमाणपत्रात (पैसा कशावर खर्च झाला त्याचा दाखला) ती कुठल्या शीर्षाखाली दाखवणार? शिवाय रक्कम वाढली की त्याची टक्केवारी वाढते, म्हणून तो तुमच्या वीस मुलांच्या तुकडीचे दोनशे लाभार्थी करतो, आणि नंतर हजेरीपट घेऊन तुम्ही बसता. त्याला द्यायच्या पैशात एखाद्या वकिलाकडून धर्मादाय कार्यालयात अडकलेला विश्वस्त बदलाचा चेंज रिपोर्ट मार्गी लावून घ्या. परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर (धर्मादाय कार्यालयातली संस्थेची नोंद) अजून वारलेल्या विश्वस्तांची नावं असतील तर कंपनीची फाइल तिथंच थांबते, प्रस्ताव कितीही चांगला लिहा.