मिलचं नंतर बघू, आधी लेकीला फोन करा

प्रश्न : जळगावला आमची डाळमिल आहे. मिस्टरांना अर्धांगाचा झटका आला, कर्ज थकलं. मुलगी फूड टेक्नॉलॉजी शिकून पुण्यात नोकरी करते. सहा वर्षांपूर्वी तिने जातीबाहेर लग्न केलं, तेव्हापासून वडील तिच्याशी बोलत नाहीत. आता मिल तीच वाचवू शकते. तिने आधी एमबीए करावं का? तिला भागीदार केलं तर बँक थांबेल ना?
– एक आई

उत्तर : ताई, तुमच्या चार पानी पत्रात मशिनरी किती जुनी, देणं किती, सगळं आहे. लेकीची ही सहा वर्षं कशी गेली, त्याची एक ओळ नाही. मला काळजी वाटते ती याची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे गावोगावच्या लेकी माहेरी येतात. तुमच्या लेकीला न्यायला सहा वर्षांत मुराळी गेला नाही, आणि आता बोलावणं जातंय ते बँकेची नोटीस आल्यावर. तिला हे कळणार नाही असं समजू नका.

एमबीएला सीईटी आहे, कॅट आहे. पण दोन वर्षं तुमची मिल थांबणार नाही. तो विषय सोडा.

भागीदारीबद्दल मात्र तुमचा मोठा गैरसमज आहे. 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार नवा भागीदार आधीच्या देण्याला आपोआप जबाबदार होत नाही. त्यामुळे नुसतं नाव घालून बँक थांबत नाही, ती जामीनपत्रावर सही मागते. जुन्या कर्जाला ती सही झाली, की वसुली लेकीच्या स्वतःच्या पैशापर्यंत, घरापर्यंत जाऊ शकते. हिशेब पाहिल्याशिवाय तिने कुठेही सही करू नये. तुम्हाला आवडणार नाही, तरी सांगतो.

तिला यावंसं वाटलं तर नोकरी न सोडता, रजा काढून यावं. क्विंटलमागे डाळीचा उतारा किती, चुरी किती जाते, उधारी कुठे अडकली, हे तिला बघू द्या. खतावण्या लपवू नका. सगळं बघून ती ‘मिल विका’ म्हणाली, तर तेही ऐकावं लागेल.

पण त्याआधी मिस्टरांनी तिला फोन करायचा. बोलणं जड जात असेल तर तुम्ही शेजारी बसा, नंबर लावून द्या. त्या फोनवर मिलचं नाव काढू नका, जावयांची चौकशी करा. आणि करिअरबद्दल काही विचारायचं असेल, तर पुढचं पत्र तिला लिहू द्या.