नोकरी गेली आहे, सगळे म्हणतात ‘यातून शिक’. कठीण काळात माणूस खरंच घडतो का, आणि त्यासाठी काय करायचं?

हे ‘यातून शिक’ वाचलं आणि लिहायला बसले. चार वर्षं मी हे माझ्या सख्ख्या भावाकडून ऐकलं आहे.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला, त्यामुळे उजवा हात-पाय गेला आणि वाचाही. समजायचं बरंच, पण हवा तो शब्द तोंडात यायचा नाही. ‘पाणी’ म्हणायला जायचे आणि ‘खिडकी’ निघायचं, मग स्वतःवरच संतापायचे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा गजर लावून. पहिले सहा महिने मी अजिबात घडत वगैरे नव्हते. चिडत होते, रडत होते. एकदा बाबांवर ओरडलेही.

मग स्पीच थेरपिस्ट बाईंनी मला बाजूला घेतलं. ‘तुम्ही त्यांची वाक्यं पुरी करता. करू नका, थांबा.’ मी जन्मभर सगळ्यांचीच वाक्यं पुरी करत आले होते. त्या दिवसापासून बाबा शब्द शोधायचे आणि मी मनात आकडे मोजायचे. वीस, तीस, कधी चाळीस. एका संध्याकाळी असंच थांबले असताना ते एका जुन्या गाण्याची ओळ शब्दांसकट गुणगुणले. (बोलणं अडलेल्यांना गाता येणं पुष्कळदा शिल्लक राहतं.) मध्येच बोलले असते तर ती ओळ मला ऐकूच आली नसती.

दादा महिन्यातून एकदा यायचा आणि म्हणायचा, ‘बघ, बाबांच्या आजारपणाने तुला किती समंजस केलं.’ मला अजून राग येतो. आजारपण शिकवत असतं तर बाप त्याचाही होता, तो का नाही शिकला? मला त्या बाईंनी शिकवलं, आणि जीव कंटाळला तरी मी ते रोज केलं. पुढे त्याने ‘पोस्ट ट्रॉमॅटिक ग्रोथ’वरचा, म्हणजे आघातानंतर माणसात होणाऱ्या वाढीवरचा, एक लेख पाठवला, स्वतःचं खरं करायला. मी मुळापर्यंत जाऊन वाचलं. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांनी ही संज्ञा रूढ केली, १९९६ साली ही वाढ मोजायला २१ विधानांची मोजपट्टीही काढली. त्यांचंच म्हणणं आहे की वाढ आघातामुळे होत नाही, त्याच्याशी झगडताना होते, आणि वाढ झाली म्हणून दुःख जातंच असं नाही. हे दादाला पाठवलं. उत्तर आलं नाही.

आता तुमचं. ‘मी यातून काय शिकलो’ हे सध्या स्वतःला विचारूच नका. सांत्वन करणारे सोडा, तुमचं काय चुकतंय ते तोंडावर सांगेल असं एक माणूस गाठा. मुलाखतीत ‘आधीची नोकरी का गेली’ यावर अडखळत असाल तर त्याच्यासमोर रोज तेवढंच उत्तर द्या.

झोप उडाली असेल किंवा जगणंच नको वाटत असेल तर मात्र हे सगळं राहू द्या, आधी डॉक्टरांकडे जा. मी समुपदेशकाकडे गेले, पण फार उशिरा. आणि कोणाकोणाच्या हाती अशा काळातून काहीच लागत नाही, त्यात त्यांचा दोष नसतो.

‘यातून शिक’ म्हणणाऱ्याला एवढं विचारा, मदतीला कुठल्या दिवशी येतोस? मी दादाला हे कधीच विचारलं नाही.