सरपण, सिलिंडर आणि मीटर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: कोथरूडला राहतो. प्रत्येक उपकरणाचे वॅट आणि तास गुणून मी महिन्याचे युनिट काढले, तर ते बिलापेक्षा बरेच जास्त येतात. मीटर हळू फिरतोय का?

उत्तर: मीटर नव्हे, गुणाकार तपासा. फ्रीजचा कॉम्प्रेसर थांबत थांबत चालतो, गीझर पाणी तापलं की आपोआप बंद होतो. त्यामुळे पाटीवरचे वॅट पूर्ण वेळ धरले की हिशेब फुगतो. त्यापेक्षा मीटरवरचा लुकलुकणारा दिवा पाहा. शेजारी एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेलं असतं, समजा ३२००. बाकी सगळं बंद करून एकच पंखा लावा. दिवा दर १५ सेकंदांनी लुकलुकला तर तासाला २४० वेळा. २४० भागिले ३२०० म्हणजे ०.०७५ युनिट, आणि एक युनिट म्हणजे हजार वॅट तासभर, म्हणजे पंखा ७५ वॅटचा. फ्रीजसाठी मात्र सेकंद मोजू नका. त्याचं चोवीस तासांचं रीडिंगच हवं.

प्रश्न: मी समाजकार्याची विद्यार्थिनी. भोर तालुक्यात घरोघरी सरपण किती लागतं ते विचारते आहे. कुणी म्हणतं दिवसाला अर्धा भारा, कुणी म्हणतं आठवड्याला तीन मोळ्या. किलोत कसं बदलू?

उत्तर: बदलू नकोस, तोलून घे. डोंगरातून आणलेली मोळी आणि बांधावरच्या बाभळीची मोळी सारखी नसते. मोळीचं सरासरी वजन धरून काढलेल्या आकड्यावर माझा विश्वास नाही.

ताणकाटा घेऊन जा. पहिल्या सकाळी घरातला ढीग तोल आणि त्या बाईंना सांग, की आज जाळायचं ते याच ढिगातून. दुसऱ्या सकाळी उरलेलं तोल, मध्ये नवी भर पडली असेल तर तिचं वजन पहिल्या वजनात मिळव. असं किमान तीन दिवस. लग्न, जत्रा, पाहुणे असलेले दिवस टाळ. पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा जा, कारण ओलं लाकूड काट्यावर जास्त भरतं आणि त्याची बरीचशी उष्णता आतलं पाणी उडवण्यातच जाते. ओलावा मोजायचं साधन कॉलेजकडून मिळालं तर जरूर ने. गोवऱ्या आणि तुराट्या वेगळ्या लिही.

जेवणारी माणसंही रोज मोज. सरपणाच्या अभ्यासात प्रौढ पुरुष १, प्रौढ स्त्री ०.८ आणि चौदा वर्षांखालचं मूल ०.५ असं धरायची जुनी पद्धत आहे. तुझा आकडा इतरांच्या आकड्यांशी ताडायचा तर ती वापर, पण डोकीही वेगळी लिहून ठेव. सरपण अंघोळीच्या पाण्यालाही लागतं, आणि ते पाणी बाईला पुरुषापेक्षा कमी लागतं असं मला कुठे दिसलेलं नाही.

आणि प्रश्न चूल पेटवणारीलाच विचार. ओसरीवर बसलेल्या कर्त्या पुरुषाने सांगितलेलं उत्तर मी तरी धरत नाही.

प्रश्न: घरात गॅस आहे, तरी चूल पेटते. असं घर कुठल्या रकान्यात टाकायचं?

उत्तर: दोन्ही रकान्यांत. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि खेड्यापाड्यांत गॅसजोडण्या पोचल्या, पण चहा गॅसवर, भाकरी चुलीवर आणि अंघोळीचं पाणी बंबात, हे चित्र आपल्याकडे सर्रास दिसतं. 'मुख्य इंधन कोणतं' असं विचारलंत की बंब निसटतो. काल काय काय कशावर शिजलं, तापलं, ते एकेक करून विचारा. मागचं सिलिंडर कधी लावलं, तेही.

प्रश्न: गॅस, लाकूड आणि वीज यांची बेरीज करता येते का?

उत्तर: येते, पण फसवी असते. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटांइतकी उष्णता असते, किलोभर सुक्या लाकडात चारएक युनिटांची. पण साध्या चुलीवर त्यातली दहा-पंधरा टक्केच भांड्याला लागते, गॅसवर साठाच्या वर. नुसती बेरीज केली तर चुलीवरचं गरीब घर सर्वात चैनीचं ठरेल!

प्रश्न: गावात वीज पोचली, मग मोजायचं काय राहिलं?

उत्तर: ती किती वेळ असते ते. २०११च्या जनगणनेत देशातल्या ६७ टक्के घरांनी उजेडासाठी वीज सांगितली, पण किती तास, ते त्या प्रश्नात नव्हतंच. पुण्याच्याच 'प्रयास' या संस्थेच्या ऊर्जा गटाने घरांतल्या प्लगला यंत्रं लावून मिनिटामिनिटाचं व्होल्टेज नोंदवलं. तुमच्याकडे यंत्र नसेल तर एक वही आणि घड्याळ पुरेल. महिनाभर संध्याकाळी पाच ते रात्री अकरा, वीज गेली कधी आणि आली कधी, तेवढं लिहायचं.