गालापागोस परवडतं, ती पॉलिसी परवडत नाही

ठाण्याहून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"मी ५७ वर्षांची. अनुदानित शाळेत विज्ञान शिकवते, पुढच्या मे महिन्यात निवृत्त होईन. मिस्टर ६२, रबाळ्याच्या एका कंपनीतून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तीस वर्षं मुलांना डार्विन शिकवला, आता एकदा गालापागोस स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. सोळा प्रवाशांच्या छोट्या जहाजावर आठ दिवस राहून बेटं फिरायची. दोघांचा मुंबई ते मुंबई खर्च १६ लाख सांगितलाय. एफडी मोडून लगेच जावं की तीन वर्षं थांबावं? तीन वर्षांनी आमची पाच वर्षांची पॉलिसी सुटते. २५ लाखांचे ४० होणार आहेत, म्हणजे ट्रिप नफ्यातूनच होईल. ह्यांचं म्हणणं, थांबूया. पॉलिसीचे आणि हिशेबाचे फोटो सोबत जोडले आहेत."

बाई (ठाण्यात शाळा झालेल्या माणसाला विज्ञानाच्या शिक्षिकेसाठी दुसरी हाक सुचत नाही), तुम्ही विचारलं त्याचं उत्तर छोटं आहे. थांबू नका, पुढच्याच वर्षी जा. एफडी मोडू नका, पैसे तुमच्या ग्रॅच्युइटी-फंडातून काढा. पण पॉलिसीचे फोटो मोठे करून वाचले आणि त्यानंतर सहलीचा प्रश्न मला दुय्यम वाटू लागला.

ही पॉलिसी पाच वर्षांची नाही. दुसऱ्या पानावर मुदत १५ वर्षं आणि हप्ते भरण्याची मुदत १० वर्षं असं स्वच्छ छापलंय. वर्षाला ५ लाख असे दहा हप्ते, एकूण ५० लाख. तुमचे दोन भरून झालेत, तिसरा येत्या जानेवारीत आहे. पाच वर्षांनी काहीही सुटत नाही. पैसे हातात येतील तेव्हा मिस्टर ७५ वर्षांचे असतील.

"२५ चे ४०" हा आकडा पॉलिसीत कुठेच नाही. तो आहे बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरनं पॅडच्या कागदावर पेनानं लिहून दिलेल्या हिशेबात. तो कागद जपून ठेवा, पुढे लागेल. दरवर्षी ५ लाख भरून पाच वर्षांत ४० लाख व्हायचे तर वर्षाला सोळा टक्क्यांच्या आसपास परतावा लागतो. खात्रीचे सोळा टक्के या देशात कोणीही देत नाही. सरकार ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ देतं, आणि सुरक्षित म्हणावं असं त्याच्यावर फारसं काही नाही. असा कागद निवृत्त माणसाच्या हातात देणाऱ्याबद्दल मला मनापासून चीड आहे. मिस्टरांच्या फंडाची रक्कम खात्यात जमा झाली त्याच महिन्यात तो घरी आला होता, असं तुम्हीच लिहिलंय. हे योगायोगानं होत नसतं. खात्यात मोठी रक्कम आली की ती त्यांच्या स्क्रीनवर दिसते.

पॉलिसीत खरं वचन काय आहे? ५० लाख भरा, पंधरा वर्षांनी ८४ लाख घ्या. ८४ ऐकायला भरघोस वाटतं, पण हिशेब केला तर वर्षाला पाच टक्के. हप्ताही नेमका ५ लाखांचा ठेवलाय, कारण एप्रिल २०२३ नंतरच्या अशा पॉलिस्यांत वर्षाचा एकूण हप्ता ५ लाखांवर गेला तर मुदतीअखेरच्या पैशावर कर लागतो. तेवढी काळजी विकणाऱ्यानं घेतली. तुम्हाला पगार राहणार नाही, याची घेतली नाही.

माझी खरी काळजी तिथेच आहे. तुम्ही दिलेले आकडे मांडतो. मे नंतर तुमचं पेन्शन ४५ हजार, मिस्टरांचं पीएफचं पेन्शन ३ हजार, ज्येष्ठ नागरिक योजनेतल्या १५ लाखांचे महिना १० हजार, एफडीतल्या २२ लाखांचे १२ हजार. झाले ७० हजार. घरखर्च, सोसायटीचा मेंटेनन्स, औषधं मिळून ६०. वर्षाला शिल्लक सव्वा लाख आणि हप्ता ५ लाख! उरलेले पावणेचार लाख दरवर्षी एफडीतून जाणार. एफडी कमी झाली की तिचं व्याजही घटणार. पाच-सहा वर्षांत २२ लाख संपतील, आणि तेव्हा अजून दोन-तीन हप्ते भरायचे बाकी असतील. मिस्टर म्हणतात ट्रिप महाग आहे. ट्रिप एकदाच १६ लाख मागते. ही पॉलिसी तुमच्याकडे अजून ४० लाख मागते आहे.

मग करायचं काय? तीन वाटा आहेत. त्यातली एक बरेच जण रागाच्या भरात निवडतात, ती म्हणजे सरेंडर, पॉलिसी मोडून मिळेल ते घेणं. तुम्ही जोडलेल्या तक्त्यात दोन हप्त्यांनंतरचं सरेंडर मूल्य सुमारे ४ लाख आहे. १० भरले, ४ घ्या. घेऊ नका. दुसरी वाट: नुसते हप्ते थांबवले तर पॉलिसी 'पेड-अप' होते, म्हणजे भरलेल्या पैशांच्या प्रमाणात कमी रकमेची होऊन मुदतीपर्यंत चालू राहते. त्याच तक्त्यानुसार मुदतीअखेर साधारण १४ लाख मिळतील. आज ४ घेऊन तुम्ही सात टक्क्यांनी तेरा वर्षं ठेवले तरी साडेनऊच होतात. म्हणून तोडू नका, गोठवा.

तिसरी वाट म्हणजे भरत राहणं. तीही न्यायानं तपासली. अजून ४० लाख भरलेत तर १४ च्या जागी ८४, म्हणजे ७० लाख जास्त. हा परतावा सहा टक्के पडतो आणि तोही करमुक्त. ज्याचा पगार चालू आहे आणि ज्याला हे पैसे तेरा वर्षं लागणारच नाहीत, त्याच्यासाठी सहा टक्के अगदी टाकाऊ नाहीत. तुमच्यासाठी आहेत. बासष्टाव्या वर्षी पैसा हाताशी लागतो, आणि ५ लाखांचा हप्ता भरण्यासाठी एफडी मोडत राहणं म्हणजे तो स्वतःहून दूर लोटणं.

तेव्हा जानेवारीचा हप्ता भरू नका. आधी विमा कंपनीच्या शाखेत जाऊन पेड-अप मूल्य किती, ते लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर या घरात पुन्हा काही चालायला नको. मग बँकेत जाऊन हप्ता खात्यातून आपोआप कापला जाण्याचं मॅंडेट रद्द करा. हे विसरलात तर ५ लाख तुमच्या नकळत जातील. तक्रारही करा. पॅडच्या कागदाची प्रत जोडून बँक आणि विमा कंपनी दोघांना पत्र द्या, दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. मात्र पॉलिसी हाती आल्यापासून ती परत करायची तीस दिवसांची 'फ्री-लूक' मुदत केव्हाच गेली आहे आणि १५ वर्षांच्या तक्त्यावर मिस्टरांची सही आहे. पूर्ण १० लाख परत मिळतील असं धरून कुठलंही नियोजन करू नका.

आता दुसरी गोष्ट, तीही तुम्ही विचारली नाही. "मेडिक्लेम कंपनीचा होता," एवढंच वाक्य पत्रात आहे. होता. म्हणजे मिस्टर दोन वर्षं विम्याशिवाय आहेत, आणि त्यांना मधुमेह आहे. नोकरी सुटताना कंपनीच्या गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते. ती वेळ गेली. आता नवी घ्या, या महिन्यातच. मधुमेह लपवू नका. त्यासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागेल, पण घड्याळ आज सुरू झालं तर ते पासष्टाव्या वर्षी संपेल. दोघांना १० लाखांच्या कव्हरला वर्षाला साठ-सत्तर हजार धरा. सव्वा लाखाच्या शिलकीतून ते निघतात. ५ लाखांचा हप्ता चालू ठेवून निघत नाहीत. उलट, एफडीतले १५ लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत हलवा (मिस्टरांची मर्यादा ३० लाख आहे, अर्धी रिकामी आहे), वर्षाला पंचवीसेक हजार जास्त येतील.

आता बेटं.

तीन वर्षं थांबून ट्रिप फुकट होत नाही, महाग होते. जहाजाचं भाडं डॉलरमध्ये असतं. बेटं इक्वेडोरची, आणि त्या देशाचं चलनच २००० सालापासून डॉलर आहे. भाडं आणि डॉलर मिळून वर्षाला सात-आठ टक्के वाढ धरली तर आजचे १६ लाख तीन वर्षांनी २० होतात. आणि गुडघे थांबत नाहीत. मिस्टरांचा डावा गुडघा कुरकुरतो म्हणालात. तिथे बहुतेक ठिकाणी धक्का नाही. जहाज लांब थांबतं, पांगा नावाच्या रबरी होडीतून किनाऱ्यापाशी नेतात आणि गुडघाभर पाण्यात उतरायला लावतात, नाहीतर ओल्या लाव्ह्याच्या खडकावर पाय टाकायचा असतो. तुम्ही मुलांना फ्लेमिंगो दाखवायला ऐरोलीच्या खाडीत बोटीतून नेता, तशी फेरी मिस्टरांसोबत एकदा करून बघा. हलत्या बोटीत चढता-उतरताना त्यांना आधार लागतो का ते पाहा. लागत असेल तर थांबण्यातला तोटा पैशांपेक्षा मोठा आहे.

पैशांची सोय सरळ आहे. मे नंतर तुमचे ग्रॅच्युइटी आणि फंडाचे मिळून २६ लाख येतील. १६ सहलीला, १० ज्येष्ठ नागरिक योजनेत तुमच्या नावावर. तुम्ही साठीच्या आत असाल, पण निवृत्त कर्मचारी म्हणून ५५ नंतरही ते खातं उघडता येतं. अट एवढीच की रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत पैसे भरावे लागतात. पेन्शनची केस रखडू शकते, म्हणून रक्कम खात्यात जमा होण्याआधी जहाजाचं बुकिंग करू नका. मुलगा पुण्यात कमावता आहे, घर स्वतःचं आहे, सहलीनंतरही ४७ लाख हाताशी राहतात. तीस वर्षं वर्गात शिकवलेली गोष्ट बघायला एवढा खर्च मला मुळीच उधळपट्टी वाटत नाही. दरवर्षी ५ लाख निमूटपणे भरणारं घर या १६ लाखांपाशी अडावं, याचं मात्र वाईट वाटलं.

आगाऊ रक्कम देण्याआधी काही गोष्टी पक्क्या करा. राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशशुल्क ऑगस्ट २०२४ पासून बहुतेक परदेशी पाहुण्यांना माणशी २०० डॉलर झालंय, पूर्वी ते १०० होतं. १६ लाखांत ते आणि मुख्य भूमीवरून बेटांपर्यंतचं विमान धरलंय का, विचारा. शिवाय सहलीची कंपनी रकमेवर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेईल. तो खर्च नाही, विवरणपत्र भरताना वळता होतो किंवा परत मिळतो, पण तेवढे पैसे आधी हातात हवेत. प्रवास विम्यात आजारी माणसाला विमानानं हलवण्याचा खर्च असलाच पाहिजे. बेटं किनाऱ्यापासून हजार किलोमीटरवर आहेत, गंभीर दुखणं तिथे निभत नाही. आणि इक्वेडोर हा पीतज्वराचा देश आहे. तिथून परतताना लस घेतल्याचा दाखला नसेल तर आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात. ही लस साठीनंतर जपून देतात. मिस्टर ६२ चे, त्यात मधुमेह, तेव्हा डॉक्टरांचा होकार आला की मगच पैसे भरा.

चार रात्रींची स्वस्त फेरी कोणी सुचवली तर ऐकू नका. मुंबईहून जाण्या-येण्याचा खर्च तोच राहतो आणि बेटं निम्मी होतात. मार्ग मात्र नीट बघा. एका जहाजाला पंधरा दिवसांच्या आत त्याच जागी पुन्हा उतरता येत नाही, म्हणून आठ दिवसांत सगळी बेटं कोणीच दाखवत नाही. तुम्ही समुद्रात चरणारा इग्वाना आणि उडता न येणारा पाणकावळा लिहिलाय. इग्वाना बऱ्याच बेटांवर दिसेल, पण तो पाणकावळा फक्त पश्चिमेला, इसाबेला आणि फर्नांदिनाच्या किनाऱ्यांवर आहे. पेंग्विनही मुख्यतः तिथलेच. फर्नांदिनाचा ज्वालामुखी मार्च २०२४ मध्येच उसळला होता. एजंटनं पाठवलेल्या पत्रकात सगळी नावं पूर्वेकडच्या बेटांची आहेत. पश्चिमेचा मार्ग मागा, आणि तो लेखी घ्या.