ब्लॅक कीज या अमेरिकन रॉक जोडीचा 'ब्रदर्स' अल्बम एवढा महत्त्वाचा का मानतात? नव्या माणसाने तिथूनच सुरुवात करावी का?

करा की. फक्त आधी त्यांच्या 2004 च्या 'रबर फॅक्टरी' या अल्बममधली दोन-चार गाणी ऐकून घ्या, म्हणजे काय बदललं ते कानालाच कळेल.

डॅन ऑरबाख (गिटार आणि गायन) आणि पॅट्रिक कार्नी (ड्रम्स) ही ओहायोतल्या ॲक्रनची, शेजारपाजारची पोरं. सुरुवातीचे अल्बम त्यांनी तळघरात नाहीतर पडीक टायर कारखान्यात रेकॉर्ड केले. खरखरीत गिटार, दणदणीत ड्रम्स, बास गिटारचा जवळपास पत्ताच नाही. मजा येते, पण लागोपाठ ऐकले की एकाच गाण्याची शेपटं वाटायला लागतात.

2009 मध्ये ऑरबाखचा सोलो अल्बम आला, कार्नीचं लग्न मोडत होतं, दोघांत अबोला म्हणावा इतपत ताण होता. त्यानंतर ते अलाबामातल्या मसल शोल्स साउंड स्टुडिओत गेले. रोलिंग स्टोन्सनी 1969 मध्ये 'ब्राउन शुगर' रेकॉर्ड केलं ती ही जागा. इथे कामाची रीतच बदलली. आधी बास आणि ड्रम्सचा ठेका जमवायचा, गिटार मागाहून. पहिलंच 'एव्हरलास्टिंग लाइट' ऐका: ऑरबाख नेहमीचा जाड आवाज सोडून बारीक, वरच्या पट्टीत गातो आणि गिटार मुकाट्याने ठेक्यामागे चालते. ब्लूजवाल्या या जोडीला सोल (कृष्णवर्णीय अमेरिकन गायकांचं भावुक, गायनप्रधान संगीत) सापडला तो इथे. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचा सांधा हाच.

गंमत म्हणजे सगळ्यात गाजलेलं, शिट्टीने सुरू होणारं 'टायटन अप' डेंजर माउस या संगीत-निर्मात्याने निर्माण केलेलं, बाकी अल्बमपेक्षा वेगळं. शेवटी त्याची लय अचानक संथ होते, तो भाग नीट ऐका.

मे 2010 मध्ये आलेला हा त्यांचा सहावा अल्बम बिलबोर्डच्या अमेरिकन अल्बम-यादीत थेट तिसरा आला, 2011 मध्ये तीन ग्रॅमी मिळाले. त्यातलं एक कव्हरच्या डिझाइनला, आणि डिझायनर कोण, तर कार्नीचा सख्खा भाऊ मायकल! पुढच्या 'एल कॅमिनो' अल्बमने त्यांना मोठमोठ्या इनडोअर स्टेडियममध्ये नेलं. तो जास्त चटपटीत आहे, पण त्यात 'ब्रदर्स'सारखी मोकळी जागा नाही.

पंधरा गाणी म्हणजे जरा लांबलंय खरं. कंटाळा आला तर मधली दोन-तीन गाळा, पण शेवटचं 'दीज डेज' गाळू नका.